जुनी ट्यूबलाईट भंगारात द्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इकडं यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत मोबाईलवर एक मेसेज फिरून राहिला आहे. जुन्या ट्यूबलाईटवर सरकारनं बंदी आणली, घरात दिसली तं दंड होईल, सामान मिळतच नाही, चोक (ट्यूबचा करंट आवरणारा पट्टीतला डबा) दुरुस्त होत नाही, ट्यूब फुटली तं पाऱ्यानं जीव जाईल, म्हणून पट्टी (ट्यूब बसते ती फिटिंग) भंगारात द्या नाहीतर त्याच पट्टीत सरळ एलईडी ट्यूब अडकवा, काहीच बदलायची गरज नाही. मी वायरमनचं काम करतो, आणि हे वाचून लोकं चांगल्या पट्ट्या किलोनं विकून राहिले हे पाहवत नाही, म्हणून लिहितो.

आधी बंदीचं. पाऱ्यासाठी मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला. 2023 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत असं ठरलं की आतून साधी पावडर लावलेल्या ट्यूब 2026 पर्यंत आणि ट्रायफॉस्फरच्या, म्हणजे तीन रंगांच्या पावडरच्या, 2027 पर्यंत बनवणं आणि आयात-निर्यात बंद करायची. बनवणं, भाऊ. तुमच्या ओसरीत लागलेल्या ट्यूबचा दंड कोणी मागत नाही. पण नवीन ट्यूब पुढं कमी होत जाणार हे खरं आहे, तेवढं मेसेजमधलं मान्य.

सामान मिळत नाही म्हणतात, तं कोणतं सामान? जाडी 40 वॅटची ट्यूब दुकानात दिसत नाही हे बरोबर, पण तिच्याच पट्टीत, त्याच तांब्याच्या चोकवर 36 वॅटची बारीक ट्यूब चालते, लांबी तीच, पिना त्याच. स्टार्टर, म्हणजे ट्यूब पेटवणारी छोटी डबी, तं आठवडी बाजारातही मिळते. फक्त जिथं दोन फुटाच्या दोन ट्यूब एकाच चोकवर आहेत तिथं 4-22 वॅट लिहिलेलं स्टार्टर लागते, नेहमीचं टाकलं की ट्यूब नीट पेटत नाही आणि मग लोकं म्हणतात फिटिंगच गेली. सगळ्यात आधी मरते ते होल्डर, प्लास्टिक पिवळं पडून चुरा होते, पण ते दुसऱ्या बंद पट्टीचं काढून बसवता येते.

आता चोक. तांब्याचा चोक म्हणजे पट्टीतला सगळ्यात टिकाऊ माल, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतेच. तरी लाईट लागली नाही की पहिला दोष त्यालाच. आधी हे पाहा: दोन्ही टोकं लालसर पेटून राहिली आणि मधात अंधार, तं स्टार्टरच्या आतली पत्ती चिकटली आहे, स्टार्टर फिरवून काढलं की कित्येकदा ट्यूब तिथंच पेटते. टोकं काळी पडली आणि नुसती लपलप करते, तं ट्यूब संपली, तशीच चालू ठेवू नका, चोक उगाच तापतो. चोक तपासायला सिरीज बोर्डवर (बल्ब आणि चोक एकामागून एक जोडायचा बोर्ड) 100 वॅटचा तारेचा पिवळा बल्ब घ्या, बल्ब मंद लागला तं चोक चांगला, पूर्ण फकफकीत लागला तं चोक शॉर्ट, लागलाच नाही तं आतून तुटला. आणि नवी ट्यूब लावल्या लावल्या उडाली तं दुसरी लावून पाहू नका, शॉर्ट चोक तिलाही खाईल. जळालेला चोक मी पण दुरुस्त करत नाही, बदलतो, पण बहुतेक वेळा तुटलेला जोड टर्मिनलपाशीच असते, तो सोल्डरचा डाग मारून जमते. इलेक्ट्रॉनिक चोक उलट दुरुस्तीचाच माल आहे: फुगलेला कंडेन्सर, उडालेले 13003 किंवा 13005 ट्रान्झिस्टर, फ्यूजचा रेझिस्टर, थोडंसंच सामान असते. फक्त लाईन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहते, हात जपून.

पारा आहे, पण ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम, जुन्या जाड्या ट्यूबमध्ये जास्त. फुटली तं दार-खिडक्या उघडा, लेकरं आणि कोंबड्या बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू मारू नका. पुठ्ठ्यानं काचा गोळा करून ओल्या फडक्यानं पुसा आणि झाकणाच्या बरणीत भरा. शेताच्या धुऱ्यावर फेकायची सवय मात्र सोडाच, पऱ्हाटी वेचणाऱ्या बायांच्या पायात काच जाते.

बिलाचं मेसेजवाले बरोबर बोलतात. 40 वॅटची ट्यूब चोक धरून साधारण 50 वॅट खाते, एलईडी 20 च्या आसपास. रोज पाच तास जळत असेल तं महिन्याला साडेचार युनिट वाचतात, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तांब्याच्या चोकची ट्यूब पेटतच नाही, तिथं एलईडी चालून जाते. म्हणून ओसरीत, अभ्यासाच्या खोलीत बदलाच. पण गोठ्यात दहा मिनिटं लागणारी पट्टी काऊन फेकता बाप्पा, काय वाचते त्यात?

सगळ्यात धोक्याचं वाक्य शेवटचं आहे, "सरळ अडकवा, काही बदलू नका". एलईडी ट्यूब एकाच प्रकारची नसते. काहीत लाईन दोन टोकांतून येते, काहीत एकाच टोकाच्या दोन पिनांमधून, आणि चुकीच्या पट्टीत टाकली की शॉर्ट होते किंवा बसवताना मोकळ्या पिनांना हात लागून झटका बसतो. तांब्याच्या चोकवर चालणारी असेल तं जुनं स्टार्टर काढून ट्यूबसोबत आलेलं डमी स्टार्टर लावायचं. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तं तो काढूनच टाका, त्यातून निघणारी लाईन घरच्या लाईनसारखी नसते. डब्यावरचं वायरिंगचं चित्र पाहून मगच हात घाला, मेन बंद करून, नुसतं बटन बंद करून नाही, कारण गावात अर्ध्या घरांत बटनावर न्यूट्रल (परतीची तार) तुटते आणि पट्टीत फेज (करंटची तार) तसाच राहते. पट्टी लोखंडी असेल तं अर्थिंग जोडा. आणि चोक काढला असेल तं पट्टीवर मार्करनं ठळक लिहून ठेवा, "चोक नाही, फक्त एलईडी", नाहीतर पुढं कोणी त्यात जुनी ट्यूब लावली की ती भडका होऊन उडेल.