मिलिटरीची जिप्सी घ्यायची आहे? मग आधी हे वाचा

मागच्या पंधरवड्यात चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, तुमच्यासारखी मिलिटरीची जिप्सी कुठं भेटन?" एक जण नागपूरच्या काटोल नाक्याच्या पेट्रोल पंपावर भेटला, दोघांनी मेसेज केला, आणि चौथा आमच्या ऑफिसातला नवा मुलगा. कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल, हूड काढता येतो का, सगळं विचारून झालं. गाडी रोज काय मागते, हे मात्र कोणी विचारलं नाही. म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, पण पैसे गुंतवायच्या आधी वाचा.

माझी गाडी 2006 ची, 1298 सीसीची मारुतीची पेट्रोल जिप्सी. 2018 मध्ये काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराकडून घेतली. लष्करातून निघाल्यावर त्यांनीच ती रीतसर नागपूर ग्रामीणच्या एमएच 40 नंबरवर चढवली होती आणि पांढरा रंगही दिला होता. पण ही मी घ्यायला गेलेली पहिली गाडी नव्हे, हाती आलेली पहिली. त्याआधी एका व्यापाऱ्याला मी 40,000 रुपये आगाऊ देऊन बसलो होतो. गाडी देखणी होती, इंजिन एका सेल्फमध्ये उठायचं. कागद म्हणून त्याच्याकडे लिलावाच्या पावतीची झेरॉक्स, बस. मूळ पावती "येऊन राहिली, येऊन राहिली" करत सात महिने गेले. गाडी आली नाही, पैसेही आले नाहीत. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: आधी कागद, मग चेसी (गाडीचा खालचा सांगाडा), आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन बांधून मिळतं, कागद बांधून मिळत नाही.

लष्कराच्या जुन्या गाड्या बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात, "जशी आहे, जिथे आहे" या अटीवर. अनेकदा एकेक गाडी नाही, अख्खा लॉट विकला जातो. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारखा माणूस सहसा लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घेतो, आणि गडबड होते ती इथेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 47 मध्ये स्पष्ट आहे की माजी लष्करी गाडीच्या नोंदणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं नमुना 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. मूळ म्हणजे मूळ. ते हातात घेऊन वाचा. त्यावरचा चेसी नंबर आणि गाडीच्या चेसीवर ठोकलेला नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवा, कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून नंबरचा प्रिंट स्वतः काढा. नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगची खूण किंवा घासल्याची चमक दिसली तर तिथूनच परत फिरा, गाडी कितीही आवडली असली तरी.

आणखी एक गोष्ट बदलली आहे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांपुढच्या गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यायच्या आहेत. संरक्षणासाठीची चिलखती आणि विशेष वाहनं त्यातून वगळली आहेत. म्हणजे यापुढे "नुकतीच मिलिटरीतून निघाली" असं कोणी फार जुनी गाडी दाखवून म्हणत असेल, तर गाडीचं वर्ष आणि ती कोणत्या वाटेनं बाहेर आली, दोन्ही विचारा. एकाची चेसी, दुसऱ्याची बॉडी, तिसऱ्याचं इंजिन अशा जुळवलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. हरियाणातल्या डबवालीकडून आलेली सजवलेली जीप असो की आपल्याकडच्या कबाड्यातली, नियम तोच. सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीतच सांगून ठेवलं आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही.

जोंगाबद्दल, म्हणजे लष्कराच्या जुन्या मोठ्या जीपबद्दल, विचारणारेही आहेत, विशेषतः 2019 मध्ये धोनीनं हिरवी जोंगा घेतल्यापासून. जोंगा म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, निसानच्या परवान्यावर बनलेली, 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लहानपणी कामठी रोडवर लष्कराचा ताफा जाताना तिचा आवाज ऐकून मी सायकल बाजूला लावून उभा राहायचो, अजूनही अंगावर काटा येतो. पण ती लिटरला चार-पाच किलोमीटर देते, सुटे भाग शोधत फिरावं लागतं, आणि बाजारात आलेल्या कित्येक जोंगांमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलेलं असतं, ज्याची आरसीवर नोंद नसते. ज्याच्याकडे जागा, वेळ आणि दुसरी रोजची गाडी आहे त्यानंच जोंगाच्या वाटेला जावं.

नागपूरकरानं जिप्सी का घ्यावी, याचं कारण मात्र फार साधं आहे. आपल्या चारही बाजूंनी जंगल आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, जिथे जाल तिथे सफारीच्या जिप्सी वर्षानुवर्षं धावल्या. कंपनीनं 2019 च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी ती बंद केली तरी पेंचच्या सिल्लारीला, ताडोब्याच्या मोहर्लीला, नागपुरात तिचे मिस्त्री आहेत, सामान आहे, आणि आवाजावरून दोष सांगणारे कान आहेत. माझ्या गाडीचं स्टीअरिंग साठ-पासष्टला हातातून सुटेल इतकं थरथरायचं. शहरात दोन ठिकाणी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य. मग सफारीच्या गाड्या पाहणाऱ्या एका मिस्त्रीनं पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाला, "किंगपिनचे बेअरिंग गेले नं भाऊ, बॅलन्सिंग काय करून राहिले?" किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंटा. त्याचे दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि सील बदलले, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश बदलले, थरथर गेली.

आता मुख्य गोष्ट. लोक म्हणतात मिलिटरीची गाडी म्हणजे लोखंड, काही होत नाही. मला हे पटत नाही, आणि कामठीचे आमचे काका भेटल्यापासून तर अजिबातच नाही. काका ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी गाड्यांखाली गेली. मी गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी ना टायर पाहिले ना रंग. पहिलाच प्रश्न, "आज बोनट उघडलं होतं काय?" मी नाही म्हटलं. "आमच्याकडे सकाळी पाह्यल्याशिवाय गाडी गेटच्या भायेर निघतच नव्हती," एवढंच बोलून ते आत चहा सांगायला गेले. चहा पिताना मग त्यांनी सांगितलं. मेंटेनन्स परेड, प्रत्येक गाडीला नेमलेला ड्रायव्हर, प्रत्येक फेरीची नोंद, ठरल्या दिवशी ठरलेलं ग्रीसिंग. लोखंड टिकलं ते त्यामुळे. गाडी लिलावात जाते तेव्हा ती व्यवस्था मागेच राहते. त्यानंतर गाडी कोणत्या तरी यार्डात गवतात दोन-तीन पावसाळे काढते, आणि मग तुमच्याकडे येते.

म्हणून किलोमीटर कमी दिसले तर खूश होऊ नका. लष्करी गाड्या अनेकदा कमी धावलेल्या असतात. पण उभी राहिलेली गाडी धावलेल्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. रबरी सील कडक होतात, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर अडकतात, पेट्रोलची टाकी आतून गंजते, रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी भरतात. टायरची नक्षी नवी दिसली तरी कडेचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. माझ्या गाडीच्या स्टेपनीवर 1909 लिहिलेलं होतं, नक्षी एकदम कोरी, आणि बोटानं दाबलं तर भेगा उघडायच्या. चेसीवरचा गंज रंगाच्या थरांखाली लपतो, म्हणून खाली झोपून हातोडीनं हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड खणकतं, कुजलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसीला लागतात तिथे विशेष पाहा. आणि टायमिंग बेल्ट घेतल्या दिवशीच बदला. तो शेवटचा कधी बदलला हे सांगणारा माणूस सहसा भेटत नाही.

पहिल्या वर्षी माझे सुमारे 1,30,000 रुपये गाडीत गेले. ज्यांना गाडीची किंमत जेमतेम जमते आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, थांबा. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे तरी पैसे बाजूला असल्याशिवाय घेऊ नका. त्यावर आरटीओचा खर्च वेगळा. पंधरा वर्षं झाली की फिटनेस, पर्यावरण कर, मग दर पाच वर्षांनी तेच. माझं 2021 मध्ये झालं.

या गाडीत चार ठिकाणी स्वतंत्र तेल असतं: गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढच्या एक्सलचं हौसिंग, मागच्या एक्सलचं हौसिंग. इंजिनचं तेल वेगळंच. पुष्कळ लोक इंजिनचं तेल बदलतात आणि सर्व्हिसिंग झाली म्हणतात. नाल्यातून गाडी काढली असेल तर हौसिंगचा नट उघडून तेल पाहा. दुधाळ दिसलं म्हणजे ब्रीदरमधून (हौसिंगच्या हवेच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी शिरलं. त्याच आठवड्यात बदला, नाही तर हौसिंगमधल्या क्राउन-पिनियन गिअरचा आवाज ऐकायला तयार राहा.

फोर व्हील कधी टाकायचं हे तर मी चूक करून शिकलो. सासुरवाडीचं शेत भिवापूरकडे आहे. जुलैमध्ये तिथल्या पांदणीत (शेताच्या वाटेत) काळी माती टायरला अशी लपेटते की नक्षी दिसतच नाही, चाक नुसता मातीचा गोळा होतं. फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी) टाकून, एक्सलेटर न दाबता, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी बाहेर काढली. खूप बरं वाटलं. त्या आनंदात फोर हायवर (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) तशीच आणली आणि डांबरीवरून नागपूरच्या सिमेंट रस्त्यापर्यंत आलो. चौकात वळताना स्टीअरिंग दगडासारखं झालं आणि खालून कडकड आवाज आला. जिप्सीत पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो, सिमेंटवर निघत नाही, सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि ट्रान्सफर केसवर साचतो. आपल्या शहरात तर गल्ल्याही सिमेंटच्या झाल्या आहेत. म्हणून फोर व्हील फक्त मातीत. पण महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर जाऊन टाका जरूर. न वापरलेला लिव्हर गरजेच्या वेळी हलत नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात. नवतपा (मे अखेरीचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आधी रेडिएटर उतरवून साफ, नवा कुलंट, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. सगळ्या नळ्या एकदा बदलून टाका आणि दर महिन्याला वास घेऊन पाहा. 45 अंशात गळणारं पेट्रोल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी ज्या विषयावर मला मनापासून राग येतो तो. रात्री फुटाळा तलावावर पाहतो, हिरव्या रंगाच्या जीपा, बोनटवर "आर्मी", नंबरच्या पाटीवर लष्करी गाड्यांसारखा वर तोंड केलेला बाण, काचेवर कुठल्या तरी रेजिमेंटचं चिन्ह. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण विभागाच्या गाड्यांखेरीज कोणालाही लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 आहे. तो उगाच केलेला नाही. 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी गणवेशात आले होते. रस्त्यावर उभ्या शिपायाला हिरवी गाडी दिसली की ती आपली, एवढा विश्वास त्या रंगावर असतो. तो विश्वास आपण मिरवण्यासाठी वापरायचा? काकांचा एक सोबती सियाचीनहून पायाची बोटं गमावून परतला, त्यानं कधी आपल्या स्कूटरवर स्टिकर लावला नाही. आपण लिलावात बोली लावून त्या रंगाचे मालक होत नाही. माझ्या बोनटच्या आतल्या बाजूला जुना हिरवा रंग अजून आहे. तो मी खरवडला नाही, कारण तो गाडीचा इतिहास आहे आणि फक्त बोनट उघडणाऱ्यालाच दिसतो. बाहेरून गाडी पांढरी आहे, आणि आरसीवरही पांढरीच आहे.

त्या चौघांना, आणि ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांना: येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी चारही तेलं बदलणार आहे आणि ट्रान्सफर केसचे माउंट टाकणार आहे. काका येणार आहेत. जुने कपडे घालून या, गाडीखाली झोपावं लागेल. दुपारपर्यंत काम चालेल, जेवण माझ्याकडेच आहे.