अरे, बंड कधी करणार?

साताऱ्याच्या प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या त्या समांतर सरकारवर, रोल-प्लेइंग खेळाची मोहीम चालवतोय मी: गोष्ट मी सांगतो, मित्र क्रांतिकारकांची पात्रं खेळतात. १९४३ साल, कुंडल गाव, प्रतिसरकारची लढाऊ तुफान सेना. महिनाभर रात्री जागून वाचलं, शेणोली स्टेशनचा नकाशा हाताने काढला. त्या वर्षीच्या जूनमध्ये पगाराची रोकड नेणारी गाडी पोरांनी तिथे खरोखर लुटली होती. आमच्या टेबलावर मात्र ती गाडी अजून आलेलीच नाही. चौथा रविवार!

का? तर बेत ठरतोय. रुळावर धोंडे रचायचे की सिग्नल पाडायचा, यावर दोन तास. मग एकाला सुचतं, "स्टेशनमास्तरलाच फोडूया." त्या माणसाला मी नावसुद्धा दिलं नव्हतं! आता त्याला दमा आहे, बायको आहे आणि लेकीच्या लग्नाची काळजी आहे. झालं, आमचे भूमिगत क्रांतिकारक निघाले कराडला स्थळ बघायला. वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले, म्हणजे पूर्ण यश. मुलगा म्हणे मामलेदार कचेरीत कारकून.

म्हणजे सरकारचाच नोकर! ज्या सरकारविरुद्ध आपण... जाऊ दे.

बरं, गावात न्यायनिवाडा करा म्हटलं. प्रतिसरकारचं ते खरं काम. सावकाराला वठणीवर आणा, गुंडांना पत्री मारा, म्हणजे तळपायांवर फटके द्या. तर आमचा एक गडी त्याच सावकाराकडून उधारीवर बंदूक घेऊन आला. व्याजाचा दर मलाच विचारतोय.

येत्या रविवारी मी गाडी सोडणार. रुळावर कोणी असो वा नसो. दोघांचा आत्ताच मेसेज आलाय, "या वेळी जमेलसं वाटत नाही रे."