मान्यतेस्तव सादर

वडापावचे 120 रुपये मी अजून दिलेले नाहीत. देईन, पण या महिन्यात नाही.

मुळात पैज मी लावलीच नव्हती. लोकलच्या ग्रुपने ती परस्पर लावली, माझ्या वतीने हरली आणि सोमवारी सीएसएमटीला उतरल्यावर सहा जण स्टॉलसमोर उभे राहून माझ्या खिशाकडे बघायला लागले.

मी सीआयएसएमचा अभ्यास करतोय. माहिती सुरक्षेचं व्यवस्थापन, असा विषय. 150 प्रश्न, चार तास, गुण 200 ते 800 या मापावर, 450 ला पास. म्हणजे सगळा पेपर चुकला तरी 200 आहेतच. भूमितीच्या पेपराला हा उदारपणा कोणी दाखवला असता तर माझं तरुणपण वेगळं गेलं असतं. आता वय 46, त्यामुळे अभ्यासाइतकाच चार तास एका जागी बसण्याचाही सराव करावा लागतो. नातेवाइकांपर्यंत फक्त 'सिक्युरिटी मॅनेजमेंट' एवढे दोन शब्द पोचलेत. मामींनी फोन करून विचारलं, "रात्रपाळी असते का रे?" उत्तर खरोखरच 'हो' असल्यामुळे पुढे काही समजावता आलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न वेगळा: नवा वॉचमन रात्री झोपतो, तुमच्या कोर्समध्ये त्यावर काही दिलंय का?

तर, टिप्पणीकाका.

काका कल्याणला चढतात, खिडकी धरतात. एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहेत, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मांडीवर रेक्झिनची बॅग, बॅगेत डबा आणि बारा महिने छत्री. ग्रुपमध्ये कोणी काहीही सांगितलं, अगदी बायकोशी भांडण झालं म्हणून सांगितलं, तरी यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "याची कुठे नोंद आहे का?" मी डोंबिवलीचा, म्हणजे उभा. ठाण्याला कोणीतरी उठून मला त्यांच्या समोरच्या बाकावर चौथी सीट देतं. चौथी सीट म्हणजे अर्ध्या माणसाची जागा, उरलेला अर्धा पॅसेजमध्ये. तिथे बसून मी मोबाइलवर सराव प्रश्न सोडवतो. मला ओठ हलवत वाचायची सवय आहे. हाच घात झाला.

प्रश्न असा होता: एका विभागप्रमुखाने सुरक्षा विभागाला न विचारता नवं सॉफ्टवेअर विकत घेऊन वापरायलाही घेतलं. सुरक्षा व्यवस्थापकाने सर्वांत आधी काय करावं? अ, ते ताबडतोब बंद करावं. ब, त्यातल्या जोखमीचं मूल्यमापन करावं. क, अंतर्गत लेखापरीक्षकांना कळवावं. ड, धोरण बदलावं.

मी अ दाबणार, एवढ्यात समोरून आवाज आला, "ब."

"काका, हे जरा तांत्रिक आहे."

"असेल. बिल निघालं ना त्याचं?"

"निघालं असेल."

"मग आता बंद करून पैसे परत येणारेत? काय काय बिघडू शकतं ते आधी कागदावर आण. नुसतं बंद केलंस तर तो विभागप्रमुख उद्या तुझी बदली गडचिरोलीला करेल."

ब बरोबर होतं. खाली दिलेल्या स्पष्टीकरणातही हेच होतं, फक्त गडचिरोली नव्हतं.

मी पुढच्या प्रश्नावर गेलो, या वेळी ओठ घट्ट मिटून. पण शेजारच्याने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यात फायरवॉल आली. "फायरवॉल म्हणजे काय?" काकांनी विचारलं. मला बरं वाटलं. शेवटी आली ना माझी वेळ! घाटकोपरपासून कुर्ल्यापर्यंत मी फायरवॉल समजावली. सोसायटीचं गेट, वहीत नोंद, पाहुणा कोणाकडे आलाय, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे. पर्याय वाच."

तेही बरोबर आलं.

मग आला उरलेल्या जोखमीचा प्रश्न. सगळे उपाय करूनही जो धोका शिल्लक राहतो तो स्वीकारायचा अधिकार कोणाचा? सुरक्षा व्यवस्थापक, लेखापरीक्षक, आयटीप्रमुख, की ज्याचा तो व्यवसाय आहे तो विभागप्रमुख? मी सुरक्षा व्यवस्थापक म्हटलं, कारण रात्री दोन वाजता फोन त्यालाच येतो. हे मी अनुभवाने सांगत होतो.

"फोन कोणाला का येईना," काका म्हणाले, "सही कोणाची? ज्याचं खातं त्याची सही. आपण खाली 'मान्यतेस्तव सादर' लिहायचं, आद्याक्षरी करायची आणि फाइल वर पाठवून डबा खायचा."

पलीकडच्या भजनवाल्याने टाळ वाजवला. हे गरजेचं नव्हतं.

एका कर्मचाऱ्याने संगणकात व्हायरस शिरल्याचं कळवलंय, आधी काय कराल? मी म्हटलं, त्याचं नेटवर्क तोडेन. काका म्हणाले, "आधी तक्रार खरी आहे का बघ. आमच्याकडे निम्मे अर्ज निनावी असतात." बरोबर! घटना घडली आहे याची आधी खात्री करा. भायखळा जाईपर्यंत 25 प्रश्न झाले. मी 13, काका 21. वडापावची पैज ती हीच. जे चार चुकले त्यातल्या दोनांवर त्यांना अजून हरकत आहे, आणि ती ते लेखी देणार आहेत.

हसा. डबा हसलाच. पण मला ते लागलं, आणि का लागलं ते सांगतो. या परीक्षेचे चार भाग आहेत. प्रशासन 17 टक्के, जोखीम 20, सुरक्षा कार्यक्रम 33 आणि घटना व्यवस्थापन 30. त्या शेवटच्या 30 टक्क्यांवर माझी सगळी मदार होती. एकोणीस वर्षं मी दुसरं केलंय काय? गणपतीत, दिवाळीत, मेहुणीच्या हळदीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन घटनांचंच व्यवस्थापन. आणि माझे सगळ्यांत कमी गुण त्याच भागात येतात. का, तर मी धावत जाऊन आग विझवतो आणि परीक्षेला तो माणूस हवाय जो बादलीला हात लावत नाही. बादली कोणी उचलायची हे आधीच ठरवून, वरून सही घेऊन ठेवणारा माणूस. शास्त्र म्हणून ते बरोबरही असेल. प्रत्येक वेळी मीच धावलो नसतो तर आमच्याकडे एव्हाना दुसऱ्या कोणाला धावता आलं असतं, हेही खरं. पण हे मला काकांकडून, तेही चौथ्या सीटवर बसून ऐकायचं नव्हतं.

त्यात फी 760 डॉलर. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सभासदांना 575, पण सभासदत्वाचे पैसे वेगळे. साठ हजारांच्या वर जातात. कंपनी म्हणते, आधी तुम्ही भरा, पास झालात तर परत देऊ. बढतीच्या यादीत दोन वर्षं माझ्या नावापुढे 'सर्टिफिकेशन नाही' एवढाच शेरा आहे. ज्यांच्या नावापुढे तो नाही, त्यातल्या एकाला सर्व्हरचा पासवर्ड बदलायचा कसा हे मी फोनवर तीनदा सांगितलंय. असो. काकांनी चौकशी केली, परीक्षेला बसायला काही अट? म्हटलं, परीक्षा कोणीही देऊ शकतो, पण प्रमाणपत्राला या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. म्हणाले, "माझी चौतीस झाली. चालतील का बघ."

मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एका सर्व्हरवरून नको तिकडे माहिती जात होती. तुम्हाला खोटं वाटेल, पण हात लावण्याआधी मला काका आठवले. तक्रार खरी आहे का बघितलं. खरी होती. साहेबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायची, असा 2022 पासून नियम आहे. साहेबांनी किती तासांत फोन उचलायचा, याचा कुठेही नियम नाही. पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिलो आणि मग एकोणीस वर्षं जे करत आलो तेच केलं. सर्व्हर नेटवर्कमधून काढला.

काल सकाळी ठाण्याला बसलो तेव्हा साहेबांची मेल आली. सर्व्हर बंद करण्यापूर्वी मान्यता का घेतली नाही, याचा खुलासा करावा. खाली सहा जण सीसीमध्ये.

मी ती वाचली. अर्थात ओठ हलवत.

"फोन बंद होता म्हणतोस," काका म्हणाले, "मग 'दोनदा संपर्काचा प्रयत्न केला, प्रतिसाद नाही' अशी वेळ घालून मेल टाकलीस ना तेव्हाच?"

"नाही."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. विक्रोळी गेलं, घाटकोपर आलं.

"पर्यायांत असणार ते," ते हळूच म्हणाले. "बहुतेक ब."