ताशी साठच्या खाली

मोटारींच्या शर्यतीसाठी बेतलेलं घड्याळ हातात असलं, की त्या माणसाला किती वाजले एवढं सोडून बाकी काहीही विचारावं.

माझ्या हातातलं घड्याळ माझं नाही, मेहुण्याचं आहे. व्यायामाच्या, जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवरून पडून त्याने डावं मनगट मोडून घेतलं आणि प्लास्टर चढताच त्याला काळजी लागली ती घड्याळाची. त्याला बॅटरी नाही. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसते. पडून राहिलं तर दोन-तीन दिवसांत बंद. "भावजी, तुम्ही नुसतं घालून हिंडा," तो म्हणाला. पुढे सूचना. रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलायची नाही, चाकं तेव्हा तारीख ढकलायच्या तयारीत असतात. चुंबकाजवळ न्यायचं नाही. पाण्यात बटणं दाबायची नाहीत. मागे नंबर कोरलाय, अशी मोजकीच काढलीत. आमचा मुलगा तान्हा असताना त्याला याच मेहुण्याकडे सोडून आम्ही लग्नाला गेलो होतो, तेव्हा आम्ही याच्या निम्म्याही सूचना दिल्या नव्हत्या.

पहिली अडचण अशी की सगळ्यांना ते बंदच वाटतं. मधला लांबलचक सेकंदकाटा बारावर ताठ उभा असतो, कारण तो वेळेचा काटा नव्हेच, स्टॉपवॉचचा आहे. वरचं बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. खरे सेकंद एका इवल्याशा तबकडीत फिरत असतात, जी मला चष्मा काढूनही दिसत नाही आणि घालूनही. लिफ्टमधला प्रत्येक माणूस हळहळून सांगतो, "तुमचं घड्याळ थांबलंय हो." सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता "हो ना" म्हणतो.

बरं, तो काटा सुरू करावा म्हटलं, तर पाणी शिरू नये म्हणून बटणांना आटे आहेत. आधी ते सोडवायचे, मग बटण दाबायचं. एवढ्या वेळात शर्यत संपून बक्षीससमारंभ सुरू होतो.

काचेभोवतीच्या कड्यावर आकडे असतात, ते वेगाचे. एक किलोमीटर कापायला किती सेकंद लागले ते मोजायचं, काटा थांबेल तिथला आकडा म्हणजे ताशी वेग. ३६ सेकंद लागले तर १००, ३० लागले तर १२०. ३६०० ला सेकंदांनी भागण्याचा त्रास वाचतो. हे मी ऑफिसला जाताना करून पाहिलं. एक किलोमीटर संपेपर्यंत काट्याने बऱ्याच फेऱ्या मारल्या आणि मला वेग काही मिळाला नाही, कारण आकडे ६० ला संपतात. ताशी साठच्या खाली माणूस प्रवास करत असेल, हे आखणाऱ्याच्या मनातच आलं नसावं.

बायकोने मात्र त्या कड्याचा उपयोग शोधून काढला. किलोमीटरच कशाला हवा, कुठलंही काम चालतं! मी एका शर्टाची घडी घालत असताना तिने बटण दाबलं. ४५ सेकंद. "ताशी ८० शर्ट," ती म्हणाली. तेव्हापासून मी घरात शर्यतीत आहे.

मेहुण्याचा रोज फोन येतो. चौकशी घड्याळाची, प्रकृतीही घड्याळाचीच. मग इतिहास. १९६३ साली दोन घड्याळं निघाली, एकाला मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीचं नाव मिळालं, दुसऱ्याला फ्लोरिडातल्या डेटोना या शर्यतीच्या ट्रॅकचं. नट पॉल न्यूमनच्या हातातलं डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेलं. त्या घड्याळाच्या पाठीवर न्यूमनच्या बायकोने कोरून घेतलं होतं : गाडी जपून चालव, मी. हे ऐकून आमच्याकडे काय कोरावं याची चर्चा झाली. 'इस्त्रीचे कपडे आणा' यावर एकमत झालं.

गंमत म्हणजे खऱ्या शर्यतीत आता या घड्याळाला कोणी विचारत नाही. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला, फॉर्म्युला वन शर्यतीच्या वेळी, व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेन्ट्झन या तिन्ही चालकांची पात्रता फेरीतली वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद भरली. हजारांश सेकंद मोजणाऱ्या यंत्रांनी हात टेकले आणि आधी वेळ नोंदवली म्हणून व्हिलनव्हला पहिली जागा दिली. मेहुण्याचं घड्याळ सेकंदाचा आठवा भाग मोजतं. तेवढ्यात ताशी ३०० ने जाणारी मोटार १० मीटर पुढे निघून जाते. मी हे त्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, म्हणून फोन बायकोने घेतला.

तिने आधी आटे सोडवले, बटण दाबलं आणि मग "बोल दादा" म्हणाली. दादा बोलला. मिनिटांच्या छोट्या तबकडीतला काटा सावकाश सरकत तिसाव्या मिनिटावर आला, तेव्हा कुठे त्याने "ठेवतो" म्हटलं. बायकोने काटा थांबवला, मनात भागाकार केला आणि मला म्हणाली, "ताशी दोन. कड्यावर नाही."