आधी 'ओ' लावा: जालियनवाला बागेचा फॉरवर्ड

१३ एप्रिल जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर काकांचा एक मजकूर हमखास येतो. "जालियनवाला ही अमृतसरची सुंदर बाग. जनरल डायरने दार बंद करून मशिनगन चालवली. इंग्रजांनी शेवटी माफी मागितली. बाग आजही त्या दिवशी होती तशीच जपली आहे. आणि उधमसिंगांनी एकवीस वर्षांनी लंडनला जाऊन त्याच डायरला उडवले." खाली जोडलेले हात आणि तिरंगा. भावनेबद्दल तक्रार नाही, पण तपशिलाची पार वाट लागली आहे.

आधी 'सुंदर बाग'. जल्ला गावच्या घराण्याची जमीन, म्हणून हे नाव. पण १९१९ पर्यंत त्यातले बागपण केव्हाच सरले होते. उंचसखल पडीक जागा, एक समाधी, एक विहीर, थोडी झाडे आणि चहूबाजूंना घरांच्या पाठभिंती. आजची हिरवळ, पायवाटा आणि लाल दगडाचा स्तंभ हे सगळे नंतरचे. १९२० मध्ये लोकवर्गणीतून ही जागा विकत घेतली गेली, १९५१ मध्ये स्मारकाचा कायदा झाला आणि बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुविशारदाने आखलेल्या स्मारकाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १३ एप्रिल १९६१ ला झाले. म्हणजे गोळीबार झाला तो मोकळ्या पडजागेवर. बाग नंतर माणसांच्या आठवणीसाठी केली.

मशिनगनचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. डायरने मशिनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, पण बागेचा बोळ इतका अरुंद की त्या आत जाईनात. त्या बाहेर राहिल्या. आत गेलेल्यांपैकी ५० सैनिकांनी तोंडाशीच, उंचवट्यावर उभे राहून साध्या रायफलींनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. बाहेर पडायची वाटच अडली होती, दाराला कडी घालायची गरजच नव्हती. यंत्र आपोआप थडथडत राहिले असे नाही. दर गोळीला कुणीतरी बोल्ट ओढला, नेम धरला. आणि गर्दी जिथे दाट, तिथे. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे तिचे एक सदस्य, मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांनी विचारले, गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर? डायर म्हणाला, बहुधा वापरल्या असत्या.

मृतांचा सरकारी आकडा ३७९. काँग्रेसने वेगळी चौकशी केली, तिच्यात गांधीजींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. त्या बाजूचा अंदाज हजाराच्या घरात जातो. पुण्याच्या विद्यापीठातले जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचे, तेच हे जयकर.

माफीचे थोडक्यात: १९९७ मध्ये राणीने पुष्पचक्र वाहिले, २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरन यांनी ही घटना लाजिरवाणी म्हटली, २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. ब्रिटिश सरकारची औपचारिक माफी यातली एकही नाही.

'होती तशीच' म्हणणाऱ्याने बहुधा बाग पाहिलेली नाही, निदान २०२१ नंतर तरी नाही. त्या वर्षीच्या नूतनीकरणात त्याच बोळाच्या दोन्ही भिंतींवर माणसांची शिल्पे आली, खाली नवी फरशी आली, विहिरीवर काचेचे आवरण आले, शिवाय ध्वनी-प्रकाशाचा खेळ. इतिहासकारांनी आणि हुतात्म्यांच्या वंशजांनी त्यावर बरीच टीका केली. माझेही मत तेच. गाडी आत येऊ न देणारा तो बोळ काही न लावता, तसाच भकास ठेवायला हवा होता. सजवलेल्या भिंतींमधून चालताना माणूस फोटो काढतो, अंगाला भिंत घासत नाही. विटांच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मात्र अजून चौकटीत दाखवल्या आहेत.

आता डायर. गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर १९२७ मध्येच इंग्लंडमध्ये आजारपणाने गेला. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ज्याला गोळ्या घातल्या तो मायकेल ओड्वायर: १९१९ मध्ये पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, डायरच्या कृत्याला पाठिंबा देणारा. बंदूक चालवायला सांगणारा अंथरुणात मेला आणि त्याची पाठ थोपटणारा सापडला. ३१ जुलै १९४० ला उधमसिंग फाशी गेले. दोघांना एक केले की सूडाची गोष्ट सुबक होते, पण राज्यकारभारातला माणूस त्यातून अलगद सुटतो.

काकांना मी एवढेच सुचवले, निदान 'डायर'च्या आधी 'ओ' लावा. त्यांनी अंगठा पाठवला आणि तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.