खटल्यापेक्षा चित्रांवर लिहा

ऑड नेर्ड्रुम या नॉर्वेजियन चित्रकारावरच्या या लेखात करचुकवेगिरीचा खटला आणि २०१७ साली मिळालेली माफी यांनीच निम्मी जागा खाल्ली, चित्रांबद्दल जेमतेम चार ओळी! ऑस्लोच्या कला अकादमीत आधुनिकतेचं वारं असताना रेम्ब्रां आणि काराव्हाज्जो या शतकांपूर्वीच्या चित्रकारांना गुरू मानायला छाती लागते. 'आंद्रेआस बाडरचा खून' या चित्रात तर त्याने जर्मन अतिरेक्याचा मृत्यू हुतात्म्यासारखा रंगवलाय. आपण कलाकार नसून 'किच' (म्हणजे भावुक, हलकी मानली जाणारी कला) रंगवतो, ही त्याची १९९८ची घोषणा मला अजिबात पटत नाही. आणि ऐंशीच्या दशकातली त्याची काही चित्रं प्रायोगिक तेलमिश्रणामुळे उष्णतेने ओघळू लागली, त्याचं काय? खटल्यातला पैसा अशी चित्रं घेतलेल्या ग्राहकांच्या भरपाईसाठीच बाजूला ठेवला होता, असा त्याचा कोर्टातला बचाव होता. खटल्यावर लिहायचंच होतं, तर हे यायलाच हवं होतं.