करार तिकडं, फवारा इकडं

पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. तरी आमच्या परभणी-जालन्याकडं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, हे तणनाशक मीठ-मिरचीसारखं मिळतं. स्वित्झर्लंडनं १९८९ लाच बंद केलं, युरोपियन युनियनमध्ये २००७ पासून नाही.

रॉटरडॅम करारात भारत २००५ पासून आहे. हा करार कुठलंच औषध बंद करत नाही हो, एवढंच म्हणतो की यादीतलं रसायन परदेशात पाठवायच्या आधी त्या देशाला माहिती द्या, त्याची संमती घ्या. तर त्या यादीत सुद्धा पॅराक्वाट घालायला आपल्याच देशानं विरोध केला, आणि तिथं एकमत लागतं, त्यामुळं दोन-चार देश आडवे आले की विषय पुढच्या बैठकीवर.

निसर्गात वर्षानुवर्षं टिकणारी घातक रसायनं बंद करायचा स्टॉकहोम करार आपण २००६ ला मंजूर केला, पण यादीत नवीन रसायन आलं तर आम्ही वेगळी मान्यता देईपर्यंत ते आम्हाला लागू नाही ही अट ठेवून. एंडोसल्फान हे कीटकनाशक आपल्याकडं थांबलं ते सुद्धा करारामुळं नाही, २०११ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं.

आणि घरचा कीटकनाशक कायदा १९६८ चा! नवीन विधेयक २००८ ला आलं, २०२० ला परत राज्यसभेत मांडलं. मधल्या काळात, २०१७ ला, यवतमाळात कापसावर फवारताना वीसेक शेतकरी-मजूर गेले. अशा वेळी राज्य सरकारच्या हातात काय, तर ६० दिवसांची विक्रीबंदी, फार तर वर ३० दिवस, कायमचं बंद करायचं तर दिल्लीनं करायचं. म्हणजे पऱ्हाटी आमची, माणूस आमचा, आणि फाईल तिकडं.

कुणी म्हणेल खुरपायला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, तणनाशक बंद केल्यावर काय करायचं? बरोबर आहे, मलाही तेच दिसतं. पण पंप पाठीवर घेतो तो बहुतेक सालगडी नाहीतर रोजंदारीवाला, तोंडाला रुमाल, पाय उघडे, गळक्या पंपानं पाठ भिजलेली, बादलीत काडीनं औषध ढवळणार, आणि डब्यावरचं लेबल इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही वाचता येईना. "हातमोजे वापरा" म्हणणाऱ्यानं मराठवाड्याच्या ऑक्टोबर हीटमध्ये एकदा घालून बघावेत.

म्हणून नवीन कायद्यात दोन गोष्टी पाहिजेतच, राज्याला कायमच्या बंदीचा अधिकार आणि विषबाधा झाल्यावर कंपनीकडून भरपाई. आपले खासदार लग्नाला, दहाव्याला सगळीकडं येतात, तिथंच गाठा आन विचारा, पॅराक्वाटला विरोध नेमका कुणासाठी केला म्हणून.